टेबलावरचे स्पीकर: बांधावेत की विकत घ्यावेत?

जुळे सोलापुरातील माझ्या भाच्याचे घोडे महिनाभर याच प्रश्नावर अडले आहे. खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या वॉटच्या आकड्यांकडे त्याने दुर्लक्ष करावे, कारण हातभर अंतरावरून ऐकायला एक-दोन वॉटही पुरतात.

खर्चात बांधणीची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. ३ इंची फुल रेंज ड्रायव्हरची (खर्जापासून वरच्या सुरापर्यंत सारे एकटाच वाजवणाऱ्या, आवाज काढणाऱ्या भागाची) जोडी, कमी वीज खाणारा क्लास-डी अॅम्प्लिफायर, अडॅप्टर, १२ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) आणि सुताराची कापणी असा हिशेब मांडला, तर साधी तयार जोडी स्वस्तच पडते.

आवाजात मात्र घरची जोडी उजवी ठरू शकते, पण त्यासाठी पेटीचे आकारमान ड्रायव्हरच्या मापपत्रकानुसार असावे लागते आणि सांधे हवाबंद हवेत. माझ्या पहिल्या पेटीच्या मागच्या फळीत केसाएवढी फट राहिली होती. तबल्याचा डग्गा वाजला की तिथून फुसफुस ऐकू येई. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून ती बुजवली, तेव्हा कुठे डग्गा घुमला.

टिकाऊपणाबाबत, सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा पाहता ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीची कड फोमऐवजी रबराची असलेली बरी, मग जोडी कोणतीही असो. घरच्या पेटीतला बिघडलेला भाग सुटा बदलता येतो. चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या तयार पेटीत ते बहुधा जमत नाही, पण वॉरंटी तरी असते.

भाच्याची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून त्याने तयार जोडी घ्यावी. ज्याच्याकडे दोन-तीन रविवार मोकळे आहेत आणि सोल्डरिंगची भीती नाही, त्याने बांधावेत.