कॅनन 50 एमएम 1.8 लेन्स, चार लग्नसराया वापरून

लग्नाची फोटोग्राफी शिकायची इच्छा असणाऱ्यांसाठी लिहितोय. कॅननची 50 एमएम एफ 1.8 एसटीएम, 2015 ला आलेली, वजन जेमतेम 160 ग्रॅम. मी सेकंड शूटर म्हणून सुरुवात केली, मेन फोटोग्राफर स्टेजवर आणि मी खाली किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती झूम) घेऊन, हॉलमधे उजेड कमी म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची संवेदनशीलता) 6400 आणि फोटोत नुसते दाणे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक (आकडा लहान तेवढं भोक मोठं), 5.6 वरून 1.8 वर आणलं की जवळजवळ दहापट उजेड आत येतो, फरक पहिल्याच लग्नात दिसला.

पण लेन्स घेतली म्हणजे झालं असं नाही भावांनो. झूम नाही, पायानं पुढंमागं व्हावं लागतं, त्यासाठी मी वर्षभर सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगा घाटावर जाऊन हात बसवला. अंतरपाट बाजूला होतो तो एकच सेकंद असतो, शेवटचं 'सावधान' ऐकलं की बोट शटरवर पाहिजे आणि शटर स्पीड 1/250 सेकंदाच्या खाली नको. 1.8 वर फोकसचा पट्टा अरुंद असतो, नवरा शार्प आणि नवरी ब्लर होते, दोघं असले की 2.8 किंवा 4 ठेवा.

स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 80 एमएम सारखी टाइट पडते, पेठेतल्या घरात हळद असली की मागं सरकायला जागाच नसते, तिथं मी अजून किट लेन्सच 18 एमएम वर लावतो. पण पाठवणीला आईचा चेहरा, गर्दीतनं लांबूनच टिपलेला, तो ह्या 50 वरच येतो, लई भारी येतो. माझं पहिलं पेड काम असल्याच एका फोटोवर मिळालं.