शंभर टनी प्रेस आणि पन्नास टनी जॅक

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझं स्टॅम्पिंगचं छोटं युनिट आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या इलेक्ट्रिकल स्टीलमधून मोटरची लॅमिनेशन, म्हणजे गाभ्याच्या पातळ चकत्या, काढतो. गेल्या दिवाळीनंतर सेकंडहँड १०० टनी सी-फ्रेम (बाजूनं इंग्रजी सी अक्षरासारखी, पुढून उघडी) पॉवर प्रेस घेतली आणि त्यात साफ गंडलो. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो, कारण त्याचं दुकान चालूच आहे.

भाव ठरला ६ लाख ८० हजार. मी अगदीच कच्चा नाही. रॅम (वरखाली होणारा भाग) आणि बोल्स्टर (खालचा टेबल) यांची समांतरता स्वतः डायल गेज लावून पाहिली होती. बिनभाराची प्रेस मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत बसली. वर शेठनं कपाटातून एक रिपोर्ट काढला: 'स्टिफनेस टेस्ट, डीआयएन ५५१८९ प्रमाणे'. पत्राकामाची प्रेस स्थिर भाराखाली कशी मोजायची, त्याचं हे जर्मन मानक. फोटो, आलेख, सल्लागाराचा शिक्का, सगळं जागच्या जागी. १०० टन भाराला प्रेस फक्त ०.१८ मिलिमीटर उघडते, असं त्यात होतं. "भाऊ, नवीसुद्धा एवढी कडक नसते," शेठ म्हणाला. मला ते कौतुक वाटलं.

पहिल्याच आठवड्यात लॅमिनेशनला एका अंगानं बर (कापलेल्या कडेची धारदार कोर) यायला लागला. मी डायवाल्यावर, म्हणजे कापायचा साचा बनवणाऱ्यावर, घसरलो. त्यानं बिचाऱ्यानं डाय ग्राइंड करून दिली, चार दिवसांत पंचाची (साच्याच्या वरच्या, कापणाऱ्या भागाची) धार परत उडाली. एवढ्या पातळ पत्र्याला पंच आणि डायमध्ये दर बाजूला जेमतेम अडीच शतांश फट असते. सी-फ्रेम भाराखाली चिमट्यासारखी फाकते. नुसती उभी ताणली तर एक वेळ निभावतं, पण फाकताना रॅम कलला की पंच डायला घासलाच.

दांडिया बाजारातले माझे काका कलाभवन या इथल्या तंत्रशाळेत शिकलेले, जन्म टूलरूममध्ये गेलेला. रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत, फोटो डोळ्यांजवळ धरला. "जॅकवर काय लिहिलंय, वाच."

५० टन. आणि आलेख १०० पर्यंत!

डायलही लावला होता घशात (सीच्या आतल्या खोबणीत), खांबाला चिकटून, म्हणजे जिथे प्रेस सगळ्यांत कमी उघडते तिथे. आणि आलेख शून्यापासून पट्टीनं आखल्यासारखा सरळ. "अशी प्रेस नसते रे," काका म्हणाले. "आधी बेअरिंगचा, स्क्रूचा सैलपणा भरतो, तेवढी रेघ वाकडीच येते. पुढे सरळ होते, त्या सरळ भागाचा उतार म्हणजे स्टिफनेस."

रविवारी आम्हीच मोजलं. रॅम बॉटम डेड सेंटरला (सगळ्यांत खाली), बोल्स्टरच्या मध्यावर जॅक, त्यावर भार मोजायला भाड्यानं आणलेला लोडसेल. दोन डायल, एक पुढे, एक मागे, मध्ये ३०० मिलिमीटर अंतर. ५० टनांवर मागचा ०.२९, पुढचा ०.५९. म्हणजे मीटरला एक मिलिमीटर कल, तोही निम्म्याच भाराला. काका काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन घशाच्या कोपऱ्याशी वाकले आणि नखानं रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली वेल्डिंगची जुनी शिवण, आणि शिवणीच्या कडेनं केसाएवढी ताजी चीर.

शेठ फोनवर शांतपणे म्हणाला, बिलावर 'जसं आहे तसं' लिहिलंय. लिहिलं होतंच, मी वाचलं नव्हतं. सल्लागाराचा नंबर लागत नाही. वकिलाची नोटीस गेली आहे, बघू.

तुम्ही अशी प्रेस बघायला जाणार असाल तर बयाणा देण्याआधी आपल्यासमोर भार देऊन, पुढे-मागे दोन डायल लावून मोजायला सांगा. भाड्याच्या लोडसेलचे पैसे आपण भरा हवं तर. समोरचा टाळाटाळ करायला लागला तर चहा न पिता उठा. आणि घशाचे दोन्ही कोपरे टॉर्चनं बघा, ताजा रंग दिसला तर जास्तच.

डायवाल्याकडे मी स्वतः गेलो, माफी मागितली. त्यानं चहा मागवला, पाठीवर हात ठेवला. बिलातला एक रुपया काही कमी केला नाही.