ब्लॉखची 'स्वीत एब्राइक': व्हायोलावादकांनी पैसे खर्चून घ्यावी अशी स्वरलिपी

व्हायोलासाठी (व्हायोलिनपेक्षा मोठे, खालच्या सुरांचे तंतुवाद्य) ज्यू संगीतातले काही हवे म्हटले की तीन नावे हमखास पुढे येतात: योआखिमच्या 'हिब्रू मेलडीज', ब्रुखचे 'कोल निद्राइ' आणि अर्नेस्ट ब्लॉखची 'स्वीत एब्राइक', म्हणजे 'हिब्रू स्वीट' (स्वीट: अनेक भागांची रचना). पहिल्या दोन्ही स्वरलिप्या हक्कमुक्त आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. शर्मर प्रकाशनाची ब्लॉख मात्र विकत घ्यावी लागते. ती जरूर घ्यावी.

योआखिमचे ओपस 9 मुळातच व्हायोला-पियानोसाठी आहे आणि सुंदर आहे, पण त्यात इंग्रज कवी बायरनच्या कवितांचे मनावर उमटलेले ठसे आहेत; सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनागृहातल्या) चाली शोधायला जाल तर हाती लागणार नाहीत. ब्रुख स्वतः प्रॉटेस्टंट, तरी त्याने योम किप्पूरच्या (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) संध्याकाळची खरी चाल घेतली. ती लिहिली मात्र सेलोसाठी. व्हायोलाच्या तारा त्याच, सी-जी-डी-ए, पण एक सप्तक वर. त्यामुळे सुरुवातीच्या तुटक तुकड्यांतला पुरुषी, खर्जातला हुंदका पातळ होतो.

ब्लॉखकडे ही तडजोड नाही. 1950 मध्ये त्याच्या सत्तरीनिमित्त शिकागोत महोत्सव झाला, त्यानंतर 1951 मध्ये त्याने हे लिहिले. 'राप्सोदी', 'प्रोसेशनल', 'अफर्मेशन' असे तीन भाग, मिळून साधारण 12 ते 14 मिनिटे. पारंपरिक चालींचा आधार आहे आणि व्हायोलाचा मधला, किंचित घोगरा आवाज इथे प्रार्थना म्हणणाऱ्या हझानच्या गळ्यासारखाच लागतो.

वाजवताना दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले लयीचे. आखूड स्वर आधी, लांब स्वर नंतर, ही ब्लॉखची खूण. हिब्रूत बहुतेक शब्दांचा आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. 'शालोम' म्हणताना जोर 'लोम'वर येतो, तसेच इथे. विद्यार्थी आखूड स्वरावरच गज दाबतात आणि वाक्य लंगडते. आखूड स्वर हलक्या गजाने सोडा, वजन लांब स्वरावर टाका आणि तिथे गज लगेच संपवू नका.

दुसरे सुरांचे. 'अहावा राब्बा' ही ज्यू प्रार्थनांतली एक स्वरचौकट. तिचे स्वर आपल्या बसंत मुखारीचेच: कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी. रे आणि ग यांच्यात तीन अर्धस्वरांचे अंतर. या जातीची अंतरे ब्लॉखमध्ये जागोजागी भेटतात. डी तारेवर हे करताना पहिले बोट ई फ्लॅटवर आणि दुसरे एफ शार्पवर ताणावे लागते. व्हायोलावर अंतरे व्हायोलिनपेक्षा मोठी, म्हणून पहिले बोट नकळत वर सरकते, कोमल रे चढतो आणि सगळी आर्तता जाते. उपाय उलटा आहे: आधी दुसरे-तिसरे बोट एफ शार्प आणि जी वर चिकटून ठेवा, मग पहिले बोट मागे ताणा. हात लहान असेल तर हाफ पोझिशनमध्ये (हात नेहमीच्या जागेपेक्षा अर्धस्वर मागे ठेवून) 1-3-4 ही बोटे वापरा. जिथे लिहिलेली नाही तिथे मींड घेण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. तो आवरा, नाहीतर अंतराची धार बोथट होते.

खरेदी करताना व्हायोलाचा भाग आल्टो क्लेफमध्ये (व्हायोलाच्या स्वरलेखनाच्या चिन्हात) आहे ना, हे पाहून घ्या, कारण ही रचना व्हायोलिनसाठीही चालते. ब्लॉखची 'मेडिटेशन अँड प्रोसेशनल' ही त्याच वर्षीची वेगळी रचना आहे आणि तिच्यातले 'प्रोसेशनल' निराळे आहे. फक्त 'प्रोसेशनल' एवढे नाव सांगून मागवलेत तर भलतेच हाती पडेल. आणि 1919 ची व्हायोला-पियानो 'स्वीट' कोणी ज्यू रचना म्हणून सुचवली, तर ती या कामासाठी घेऊ नका: ती उत्तम आहे, पण तिच्यात ब्लॉखने मनाने रंगवलेला पूर्वेकडचा प्रदेश आहे.