खाली केबल, वर छत्री

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर दादाचं केबल आणि वर माझी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सेवेची छत्री. कुणाचं चित्र भारी, यावर दीड वर्ष वाद. शेवटी गेल्या रविवारी छत्रीची वायर खिडकीतनं खाली सोडली, दोन्ही डब्बे दादाच्या 43 इंची टीव्हीला जोडले आणि रिमोट वहिनींच्या हातात दिला. त्यांना एचडी-बिचडीशी देणंघेणं नाही, म्हणून पंच त्याच.

टीव्हीच्या मागं डोकावलो आणि कपाळाला हात लावला. केबलचा डब्बा लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींवर! त्या पिवळ्या वायरीतून एचडी येतच नाही. एसडी म्हणजे 720 गुणिले 576 ठिपके, एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080, बरोबर पाचपट. बसवायला आलेल्या पोरानं हाताला लागली ती वायर खुपसली आणि दादा पाच महिने एचडीचे पैसे भरत साधंच चित्र बघत होता. वर मला सांगायचा, ‘बघ, किती क्लिअर!’ राजारामपुरीतून एचडीएमआय वायर आणली आणि मग खरा सामना लागला.

दोन्हीकडं एकच चॅनेल लावलं, डीडी नॅशनल एचडी. (छत्रीला एमपीईजी-फोरचा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा डब्बा लागतो, जुन्या एमपीईजी-टूवर एचडी उघडत नाही.) कुणी बसून बोलत असेल तोवर काही फरक नाही. पण नदीच्या घाटावरची आरती लागली आणि केबल उघडं पडलं. पाण्यावर बारीक ठोकळे, दिव्यांभोवती धूसर कडा, मागची गर्दी नुसती शेवाळासारखी. छत्रीवर तेच पाणी पाण्यासारखं. केबलवाला सिग्नल उपग्रहावरूनच घेतो, पण एका वायरीत जास्त चॅनेल कोंबायचे तर चित्र पुन्हा दाबावं लागतं. आमच्याकडं तेच होत असणार.

वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, तुमचं चांगलंय, पण माझी मालिका कुठाय यात?’

इथं माझी विकेट. फ्री डिशवर खासगी चॅनेल बहुतेक एसडी, मोठ्या पडद्यावर चेहरे धुतल्यासारखे दिसतात. शिवाय युरोपातला फुटबॉल नाही, आणि आमच्या फुटबॉलवेड्या पेठेत राहून फुटबॉल नाही म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको. मालिका आणि फुटबॉल एचडीत पाहिजे तर केबलच, ठोकळ्यांसकट.

क्रिकेटचं मात्र उलटं. 2007 च्या कायद्यानं भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते चित्र दूरदर्शननं स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवर नाही. त्यामुळं मॅचच्या दिवशी दादाच्या डीडी स्पोर्ट्सवर भलतंच काहीतरी आणि वर माझ्याकडं मॅच, फुकटात. दादा तेव्हा गुपचूप जिना चढतो.

पावसाचं सांगायलाच पाहिजे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 आपल्याकडून आग्नेयेला, बराच उंचावर आहे. तिकडं आभाळ काळं झालं की छत्री मान टाकते. जुन्या काट्यांच्या अँटेनावर निदान मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. आता आधी ठोकळे, मग थेट ‘नो सिग्नल’. जुलैत दिवसातनं दोन-तीनदा तरी होतं. केबल पावसात टिकतं, पण गल्लीतली लाईट गेली की खांबावरचा ॲम्प्लिफायर बंद, मग इन्व्हर्टर असूनही दादा अंधारातच.

खर्च माझा सगळा मिळून दोन हजारांच्या आत, एकदाच. दादाचा दर महिन्याला.

आता छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) लावून एक वायर कायमची खाली सोडतोय. पैसे दादा देणार. छत्रीवर बसणारी कबुतरं हाकलायचं काम माझ्याकडं.