मिरची-हळदीच्या दळपाला डस्ट कलेक्टर : आठ महिने वापरल्यानंतर

आमचं कुपवाडला हळद-मिरची दळायचं छोटं युनिट आहे, दोन पल्वरायझर (दळायची मशीनं), हळकुंडं पॉलिश करायचा एक ड्रम आणि कामाला पाच माणसं. फेब्रुवारीत डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून गोळा करणारं मशीन बसवलं, त्यात सायक्लोन (हवा गरागरा फिरवून जाड धूळ खाली पाडणारं नळकांडं) आणि बारीक धूळ गाळणाऱ्या कापडी बॅगा आहेत. उन्हाळ्याचा चटणी-मसाल्याचा सीझन आणि अख्खा पावसाळा त्याच्यावर काढला, म्हणून आता लिहितोय.

घ्यायचं कारण पहिलं सांगतो. पॅकिंगला बसणाऱ्या आमच्या मावशी बारा वर्षं आमच्याकडं आहेत, त्यांना रात्रीचा दम लागायला लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? ते ऐकून मला फार लागलं, कारण मिरचीचा खाट बसतो, ठसका लागतो, ह्याला आम्ही कायम "होते सवय" एवढंच म्हणत आलो होतो.

मशीन म्हणून कलेक्टर चांगला आहे. पल्वरायझरच्या तोंडाशी उठणारा लोट पहिल्याच दिवशी बंद झाला आणि भिंतीवरची पिवळी साय धरायची कमी झाली. मला वाटलं झालं काम, पण मावशींचा खोकला काही कमी होईना.

मग एकाने सांगितलं की संध्याकाळी लाईट बंद करून काम चालू ठेव, माणसाच्या मागून मोठ्या टॉर्चचा झोत मार आणि तू समोरून बाजूला उभा राहून बघ. केलं, आणि पोटात गोळाच आला. उजेडात स्वच्छ वाटणारी हवा झोतात भरलेली होती. केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, छातीत खोलवर जाणारी धूळ १० मायक्रॉनच्या खालची, ती नुसत्या डोळ्याला दिसणार कुठून. त्या दिवशी मशीनपाशी नाही तर कामापाशी उभा राहून एकेक बघत गेलो, धूळ कधी उडते, किती वेळ, आणि तेव्हा तिथं कोण असतं. सगळ्यात वाईट निघालं ते दळण नव्हतंच. कलेक्टरची धूळ साठायची पिशवी मोकळी करणं, झाडूने झाडणं, आणि सुट्टी व्हायच्या वेळी कंप्रेसरची हवा मारून मशीन आणि अंगावरचे कपडे साफ करणं ही तीन कामं. मावशी नेमक्या झाडायच्या वेळी पॅकिंग आवरत बसायच्या! हवा मारणं त्याच दिवसापासून बंद केलं, झाडूच्या जागी इंडस्ट्रियल व्हॅक्युम आणला, आणि पॅकिंगला मधे दार असलेली वेगळी खोली दिली. खरा फरक इथून पडला, कलेक्टरला दीड लाखाच्या वर गेले त्यापेक्षा ह्या बदलाने जास्त पडला असं माझं प्रामाणिक मत आहे.

बसवणाऱ्याने हूड, म्हणजे धूळ ओढून घेणारं पाईपचं तोंड, मशीनच्या तोंडापासून वीतभर लांब लावला होता. ओढ लांबून चालत नाही, पाईपच्या व्यासाएवढं अंतर पडलं की ती तोंडाशी असते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. आम्ही पत्रा वाकवून हूड जवळ घेतला. पावसाळ्यात दमट हवेने बॅगांवर हळदीचा थर चिकटून बसला आणि ओढ गेली, तर आता बॅगा जास्त वेळा झाडतो आणि ओला माल दळायला घेतच नाही.

एक गोष्ट मात्र मसाल्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी, ही धूळ पेटते. हळद, मिरची, पीठ, साखर सगळ्याचंच तसं आहे, बारीक होऊन बंद जागेत हवेत तरंगली आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जियात २००८ साली साखरेच्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. आपल्या सांगली भागात साखर आणि हळद दोन्ही आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३७ ह्याच धुळीसाठी होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं. आता हळकुंडं पडतात तिथं लोहचुंबक लावलाय, कारण पोत्यातून खिळा नाहीतर तारेचा तुकडा पल्वरायझरच्या आतल्या फिरत्या हॅमरवर गेला की ठिणगी उडते. डक्टला (धूळ ओढणाऱ्या पाईपला) आणि कलेक्टरला अर्थिंग वायरमनकडून करून घेतलं, बेअरिंग तापतात का ते रोज हात लावून बघतो पण मशीन बंद करून, आणि वरच्या अँगलवर साचलेली धूळ दर शनिवारी व्हॅक्युमने काढतो, ती खाली पाडायची नाही.

मास्क शेवटी. गमछा आणि रुमालाने बारीक धूळ अडत नाही. बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ दर्जाचा, त्यावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला मास्क देतो, तो नाकावर घट्ट बसला तरच उपयोग आणि दाढी असली तर कडेने धूळ आत जातेच, आमच्या एका पोराने त्यासाठी दाढी काढली. पिशवी मोकळी करताना तर मास्क सक्तीचाच.

मावशींचा दम कमी आलाय, औषध चालू आहे. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, रात्री सलग झोप लागतीय बाबा. हळकुंडं ओतायच्या तोंडाशी अजून धूळ उठते, टॉर्चमध्ये स्पष्ट दिसते, तिथल्या हूडचं माप फॅब्रिकेटरला दिलंय.