काउंटीचे जुने प्रतिनिधी शोधताना: ‘द पॉलिटिकल ग्रेव्हयार्ड’ कितपत पुरतं?

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीतून (म्हणजे राज्याच्या जिल्ह्यासारख्या भागातून) पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांना, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मेळाव्यांना, आजवर कोण कोण गेलं, हे एका जागी पाहायचं असेल तर सुरुवात ‘द पॉलिटिकल ग्रेव्हयार्ड’पासूनच करावी. लॉरेन्स केस्टनबॉम यांनी १९९६ साली इंटरनेटवर उभारलेला हा संग्रह मोफत आहे. राज्यकर्ते कुठे पुरले गेले याची नोंद ठेवणं, ही त्याची मूळ ओळख. पण त्याचं खरं मोल आहे ते एखाद्या अधिवेशनापुरते राजकारणात दिसणाऱ्या वकील, व्यापारी, शेतकरी मंडळींच्या नोंदींत. एरवी कुठल्याही चरित्रकोशात त्यांना जागा मिळत नाही.

वापर सोपा आहे. आधी राज्य निवडायचं, मग काउंटी. नोंदीत नाव, गाव, काउंटी, पक्ष आणि अधिवेशनाची वर्षं ओळीनं येतात. वर्षापुढे ‘ऑल्टरनेट’ असं लिहिलेलं असेल तर तो माणूस राखीव प्रतिनिधी होता, मूळ प्रतिनिधी गैरहजर असेल तरच त्याला मत देता येई. मोजणी करताना हे दोन गट वेगळेच ठेवा.

सगळ्यात मोठी गल्लत होते ती ‘काउंटीचा प्रतिनिधी’ या शब्दांमुळे. काउंटी अधिवेशनातून माणसं निवडली जात ती साधारणपणे राज्याच्या किंवा मतदारसंघाच्या अधिवेशनासाठी. राष्ट्रीय अधिवेशनातली जागा असे ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघाची किंवा अख्ख्या राज्याची. १८६० च्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात लिंकन यांना उमेदवारी मिळाली, तेव्हाचं इलिनॉय पाहा. संपूर्ण राज्यातर्फे गेलेले चौघे होते शिकागोचे नॉर्मन जड, क्विन्सीचे ऑर्व्हिल ब्राउनिंग, बेलव्हिलचे गुस्ताव्ह कर्नर आणि ब्लूमिंग्टनचे डेव्हिड डेव्हिस. म्हणजे कुक, ॲडम्स, सेंट क्लेअर आणि मॅकलीन अशा चार काउंट्या. ब्राउनिंग ॲडम्स काउंटीचे खरे, पण त्यांची जागा त्या काउंटीची नव्हती. काउंटीवार यादी म्हणजे प्रतिनिधींच्या राहत्या पत्त्यांची यादी, असं धरूनच ती वाचावी. मग ती फार बोलकी होते: कुठल्या गावचं वजन कधी वाढलं, एकाच घराण्यातली माणसं किती वेळा गेली, हे लगेच डोळ्यांत भरतं.

दुसरी अडचण सीमांची. ब्राँक्स ही काउंटी १९१४ साली झाली. त्याआधी तो भाग न्यू यॉर्क काउंटीत होता आणि त्याही आधी वेस्टचेस्टरमध्ये. सेंट लुई शहर १८७६ पासून सेंट लुई काउंटीबाहेर आहे, बाल्टिमोर शहर तर १८५१ पासून स्वतंत्र. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या याद्या पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

नावांचाही घोळ असतो. बापलेकांचं नाव एकच असेल तर वर्षं एकमेकांत मिसळण्याची भीती असते, आणि जुन्या याद्यांत विवाहित स्त्रिया ‘मिसेस’ लावून नवऱ्याच्या नावानं येतात. त्यांचं स्वतःचं नाव हवं असेल तर जनगणनेचे कागद किंवा त्या गावचं त्या काळातलं वर्तमानपत्र गाठावं लागतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा मोफत संग्रह त्यासाठी चांगला.

पडताळणीला पक्षांची छापील अधिकृत इतिवृत्तं वापरा. ‘हाथीट्रस्ट’ या डिजिटल ग्रंथालयात बरीच सापडतात. स्कॅनमधल्या दोन स्तंभांच्या याद्या यंत्राला नीट वाचता येत नाहीत, नावाचा तुकडा शेजारच्या गावाला चिकटतो. म्हणून आडनाव शोधत बसण्यापेक्षा राज्याचं पान उघडून डोळ्यांनी वाचलेलं बरं. तात्पुरती यादी (जागांवरचे वाद मिटण्याआधीची) आणि कायम यादी (मिटल्यानंतरची), दोन्ही पाहा. १९१२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात २५४ जागांवर वाद होता, त्यांतल्या २३५ तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या गटाला गेल्या. तेव्हा एकाच जागेवर हक्क सांगणारे दोघेजण कागदोपत्री भेटले तर दचकू नका.

अधिकृत यादीत जागा मिळालेलाच माणूस दिसतो, ही तिची मर्यादा जड वाटते. मिसिसिपीची सनफ्लॉवर काउंटी घ्या. रूलव्हिलच्या कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर १९६४ साली, राज्यातल्या केवळ गोऱ्यांच्या अधिकृत प्रतिनिधिमंडळाला आव्हान देणाऱ्या फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीतर्फे, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेल्या, कोणाला जागा द्यायची हे ठरवणाऱ्या अधिकारपत्र समितीपुढे साऱ्या देशाला ऐकू जाईल अशी साक्ष दिली, पण त्यांच्या पक्षाला फक्त दोन जागा देऊ केल्या गेल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. हेमर यांना प्रतिनिधी म्हणून जागा मिळाली ती १९६८ साली, शिकागोत. दक्षिणेतल्या काउंट्यांच्या १९६४ पर्यंतच्या याद्या वाचताना अधिकारपत्र समितीचं कामकाजही सोबत ठेवा.

घराण्याचा किंवा गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना, आणि अमेरिकेत राहून आपल्या काउंटीची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांना हा संग्रह निःसंकोच सुचवावा असा आहे. प्रबंधासाठी मात्र प्रत्येक नोंद इतिवृत्ताशी ताडून, पानाच्या क्रमांकासह टिपून ठेवा.