सायलेन्सर काढला, घुमारा आला : घरच्या घरी केलेल्या एक्झॉस्टचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी साधी आहे. चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक. कंपनीतून आली तेव्हा इतकी शांत की उभी असताना इंजिन चालू आहे की नाही हे काट्याकडे बघून कळायचं. मला एवढंच हवं होतं की चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जो जोर लावतं तो कानाला कळावा. खर्जातला, भरीव आवाज. तयार महागडा सेट घ्यायचा नव्हता. स्वतःच्या हाताने आणि कमीत कमी खर्चात काय साधतं ते बघायचं होतं.

आठ महिन्यांत पाच गोष्टी करून पाहिल्या, त्यातल्या तीन आज गाडीवर कायम आहेत. आवाज वाढवणं हे एका दुपारचं काम निघालं. वाढलेला आवाज गाडीत बसून दोन तास ऐकवेल असा करण्यात मात्र बाकीचे सगळे महिने गेले, म्हणून या अनुभवातही त्यावरच जास्त लिहितो आहे.

आधी मोजमापाबद्दल. नवीन काही लावलं की पहिल्या दिवशी सगळंच दणदणीत वाटतं, त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. उभ्या गाडीचा आवाज मोजायची आयएसओ ५१३० ही प्रमाणित पद्धत आहे. त्यात माइक पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, तोंडाच्या उंचीवर आणि ४५ अंशांच्या कोनात ठेवतात. मी फोन स्टँडला लावून तसाच ठेवला. प्रमाणित चाचणीत आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे, ते इंजिनच्या कमाल शक्तीच्या आरपीएमवरून ठरवतात. मी सोपं म्हणून दर वेळी ३००० धरलं. फोनचा आकडा प्रयोगशाळेचा नसतो, पण तोच फोन, तीच मोकळी जागा आणि तेच आरपीएम असेल तर दोन आकड्यांतला फरक भरवशाचा असतो. मूळ आकडा आला ७९ डेसिबल. साधारण १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे आकडे नीट समजतील.

पहिली गोष्ट म्हणजे पाइपच्या टोकाला बसवायची चकचकीत नळी. बोल्ट आवळला, दहा मिनिटांत काम झालं. आकडा तोच, ७९. आवाजाची जात किंचित बदलते, थोडा पोकळपणा येतो, पण गाडीत बसून काही कळत नाही. दिसायला छान आहे म्हणून ठेवायची असेल तर ठेवा.

दुसरी गोष्ट एअर फिल्टरच्या डब्याकडची. अनेकांच्या हे ध्यानातच येत नाही की गाडीचा आवाज नुसता मागून येत नाही, पुढून, हवा ओढतानाही येतो, आणि कंपनी तोही दाबून ठेवते. माझ्या गाडीत फिल्टरच्या डब्याआधी एक लांब प्लॅस्टिकची नळी आणि तिला चिकटलेला रिकामा डबा आहे. तो डबा आवाज गिळण्यासाठीच असतो. फिल्टर जागेवर ठेवून फक्त ही नळी आणि डबा काढला. बाहेर काहीच फरक नाही, पण आत बसून ॲक्सिलरेटर खोल दाबला की जी गुरगुर येते ती मला मनापासून आवडली. हळू चालवताना गाडी पूर्वीइतकीच शांत. खर्च शून्य, आणि पंधरा मिनिटांत सगळं परत जागेवर.

त्याला दोन अडचणी आहेत. ती नळी बॉनेटच्या पुढून थंड हवा घेते. ती काढली की इंजिन बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतं, आणि गर्दीत रेंगाळताना पिकअप मंद झालेला जाणवतो. दुसरी अडचण पाण्याची. नळीचं तोंड कंपनी विचार करून उंचावर आणि आडोशाला ठेवते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून पावसाच्या दिवसांत मी नळी न चुकता परत बसवतो. कोरड्या दिवसांत काढतो.

सायलेन्सरला भोकं पाडण्याचा उपाय मी माझ्या गाडीवर केला नाही, आणि तुम्हीही करू नका. माझ्या मामेभावाने त्याच्या जुन्या गाडीच्या डब्याला ड्रिलने पाच-सहा भोकं पाडली होती. आवाज वाढला, पण तो फुटक्या भांड्यासारखा. भोकांच्या कडांना गंज धरला आणि काही महिन्यांत डबा खालून उसवला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे धूर गाडीच्या मागे न जाता बुडाखाली सुटू लागला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही सुरुवात असते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की आपण दमलो आहोत. भावाला हेच व्हायचं. डबा बदलल्यावर ते थांबलं.

आता मुख्य काम, मागचा सायलेन्सर काढून सरळ पाइप. माझ्या गाडीत इंजिनपासून मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधला छोटा रेझोनेटर (आवाज दाबणारा लहान डबा), मग मागचा मोठा डबा असा क्रम आहे. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. त्यातला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर विषारी धूर निवळतो, आणि त्याच्या पुढे-मागे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरमुळे गडबड केली तर इंजिनचा दिवाही लागतो. मागचा डबा दोन्ही सेन्सरच्या नंतर असल्याने इंजिनच्या हिशेबात काही बिघडत नाही.

डबा फ्लँजने, म्हणजे बोल्टने आवळायच्या चपट्या कड्यांनी, जोडलेला होता, त्यामुळे कापाकापी लागली नाही. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी गाडी स्टँडवर घेतली; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. पाइप लटकवणारे रबरी हँगर निघेनात तेव्हा साबणाच्या पाण्याने सुटले. मूळ पाइपचा बाहेरचा व्यास मोजून तेवढ्याच व्यासाचा, मागच्या ॲक्सलवरून वळण घेणारा पाइप फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून आणि फ्लँज लावून घेतला. जस्ताचा मुलामा असलेला नळाचा पाइप वापरू नका, वेल्डिंग करताना त्यातून निघणाऱ्या धुराने ताप भरतो. नवीन गॅस्केट, नवीन नट-बोल्ट. शेवटी गाडी थंड असताना सुरू केली, मागचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबलं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे आले तिथे परत आवळलं.

आकडा आला ९१. म्हणजे १२ डेसिबल जास्त, कानाला दुपटीहून मोठा.

पहिले चार दिवस मी विनाकारण गाडी काढत होतो. दुसऱ्या गिअरमध्ये खेचताना जो आवाज यायचा तो अगदी हवा तसा होता. ताकद वाढली असं मात्र मला एकदाही वाटलं नाही, आणि पेट्रोलचा हिशेबही जागच्या जागी राहिला.

पाचव्या दिवशी दोन तासांचा प्रवास होता आणि मागच्या सीटवर आई होती. टॉप गिअर, ताशी ८० किलोमीटर, काटा २४०० आरपीएमवर. त्या वेगाला गाडीत एक घुमारा धरला गेला. आवाज मोठा नव्हता. डोक्यावर उशी दाबावी तसा तो दाब होता. ७० वर नाही, ९० वर नाही, नेमका ८० वर. आई वाटेत काही बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, “कानात अजून घुमतंय रे.” मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन गणित मांडलं. फोर-स्ट्रोक चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके पडतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० ठोके, म्हणजे ८० हर्ट्झ. नेमक्या याच सुराला माझ्या गाडीचा पत्रा आणि आतली हवा साथ देत होती. मागचा डबा हाच सूर खात होता, आणि तो मी काढून टाकला होता.

इथे फोनने माझी बरीच दिशाभूल केली, ती तुमची होऊ नये म्हणून सांगतो. गाडीच्या आत ८० च्या वेगाला आकडा ६७ वरून फक्त ७० झाला होता. तीन डेसिबलने डोकं दुखतं का? ॲप ‘ए’ मापावर होतं. हे माप खर्जाला फार कमी लेखतं; ८० हर्ट्झला ते साधारण २२ डेसिबल वजा करतं. ॲपमध्ये ‘सी’ माप निवडलं तेव्हा तोच आवाज ८४ वरून ९५ वर गेलेला दिसला. घुमारा मोजायचा तर ‘सी’ वरच मोजा.

उपाय म्हणजे एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी. मुख्य पाइपला टी-जोड देऊन तेवढ्याच व्यासाची नळी काढायची, टोक झाकण लावून बंद. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव भाग असेल तर लहर टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत अर्धी लांबी मागे पडते, आणि समोरून येणाऱ्या लहरीशी उलटी भिडून तिला मारते. धूर त्या नळीतून वाहत नाही, त्यामुळे इंजिनला अडथळा होत नाही. सगळ्या पाच उपायांत मला याचंच सर्वांत जास्त कौतुक आहे.

पहिल्यांदा मी लांबी चुकवली. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, त्याला ८० च्या चौपटीने म्हणजे ३२० ने भागलं, १.०७ मीटर नळी लावली. २४०० ला घुमारा तसाच! आणि २९०० च्या आसपास, जिथे काही त्रासच नव्हता, तिथे गाडी एकदम चिडीचूप. ३४३ हा वेग २० अंश तापमानाच्या हवेतला आहे. पाइपमधला वायू तापलेला असतो, आणि १५० अंशांना तोच वेग ४१० च्या पुढे जातो. म्हणून दुसऱ्या वेळी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या घेतल्या, क्लॅम्पने आवळता येतील अशा. ८० च्या वेगाने थोडं चालवायचं, थांबायचं, पाइप निवू द्यायचा, दोन-दोन सेंटिमीटर सरकवायचं. १.२८ मीटरला घुमारा बसला. आतला ‘सी’ आकडा ९५ वरून ८७. आईला मुद्दाम त्याच रस्त्याने परत नेलं. ती झोपली.

इतक्या लांब नळीला बुडाखाली जागा शोधणं हे खरं डोकेदुखीचं काम आहे. माझी नळी मागच्या डब्याच्या रिकाम्या जागेत वळवून बसली. तिला स्वतःचा हँगर द्या. माझ्या पहिल्या जोडणीत तो नव्हता आणि तिसऱ्या आठवड्यात नळी पत्र्यावर आदळू लागली.

एवढं करूनही दोन गोष्टी खटकत राहिल्या. ४००० च्या वर आवाज फाटायचा, आणि सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिला मिनिटभर फार मोठा यायचा, कारण कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन तेव्हा जास्त आरपीएमवर चालतं. शेजारी लहान मूल आहे. कुणाची झोप मोडून मिळालेल्या आवाजात मला आनंद नव्हता. म्हणून सहाव्या महिन्यात सरळ पाइपमध्ये एक छोटा आरपार सायलेन्सर बसवला: आत जाळीची नळी, भोवती काचलोकर. ही लोकर खर्जाला फारसा हात लावत नाही, पण वरचा कर्कशपणा चांगला खाते, आणि मला हवा होता तो खर्ज राहिला. बाहेरचा आकडा ९१ वरून ८५ वर आला. सकाळी मी आता गाडी सुरू करून उभा राहत नाही, लगेच हलक्या पायाने निघतो.

आवाजाची कायदेशीर मर्यादा देशोदेशी वेगळी आहे आणि सायलेन्सर बदलणं काही ठिकाणी मुळातच मना आहे, तेव्हा पाना हातात घेण्याआधी तेवढं बघून घ्या. मूळ डबा मी आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून, तोंडं बांधून ठेवला आहे. पाऊण तासात तो परत बसतो.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी: जोड कोरडे आहेत, लीक नाही, रबरं शाबूत. बंद नळीच्या टोकाशी मात्र पाणी साचतं. धुरातली वाफ तिथे थंड होऊन थेंब धरते, आणि माझी नळी टोकाकडे किंचित उतरती बसली आहे. झाकण उघडलं तेव्हा चमचाभर तांबूस पाणी निघालं. पुढच्या आठवड्यात हँगर दोन बोटं वर घेऊन नळीचा उतार मुख्य पाइपकडे करणार आहे, म्हणजे पाणी परत वाहून गरम पाइपात उडून जाईल. लांबी पुन्हा जुळवावी लागेल का ते तेव्हा कळेल.